शून्य अंशावरची ताई

चि. मास्तरीणबाईस,

वयाने तू माझी भाची आणि विद्येने माझी थोरली, त्यामुळे आशीर्वाद आणि नमस्कार दोन्ही धाडतो आहे. जो लागू पडेल तो ठेवून घे, उरलेला परत पाठवायची तसदी नको. पेपर तपासून तपासून तुझं मानेचं दुखणं वाढलं नसेल अशी आशा आहे. माझी तब्येत म्हणशील तर पाय ठीक, पोट ठीक, रक्तदाब डॉक्टर म्हणतात तेवढा. फक्त डोकं चालेनासं झालं आहे, आणि त्याला तुझं संख्याशास्त्र जबाबदार आहे. तुझी मामी मजेत आहे. (ती का मजेत आहे ते पुढे येईल.) ताईबद्दल, म्हणजे तुझ्या आईबद्दल, मी विचारत नाही. तो हक्क मला राहिलेला नाही हे तिने तुझ्याच फोनवरून तीनदा कळवलं आहे. मी हॅलो म्हणतो आणि ती फोन ठेवते. पत्राला आवाज नसतो म्हणून हे पत्र. वाचून झालं की फाडून टाक, आणि काही झालं तरी तुझ्या आईच्या हाती लागू देऊ नकोस.

तू म्हणशील, मामा, मला सगळं माहीत आहे, आई चोवीस दिवस माझ्याकडे राहते आहे आणि चोवीस दिवस हेच सांगते आहे. सांगत असेल. पण ती तिची बाजू झाली. माझी बाजू अशी आहे की माझी बाजू कोणती हेच मला अजून कळलेलं नाही. लिहिता लिहिता कळेल म्हणून मुळापासून लिहितो, कंटाळा करू नकोस.

आमच्या उबवणी केंद्रात मशीनच्या खोलीत माणसं दोनच, मी आणि ताई. मशीन म्हणजे कपाटाएवढं नव्हे, चांगलं स्वयंपाकघराएवढं. आत थरावर थर अंडी, आणि एकविसाव्या दिवशी पिल्लं. उष्णता माझ्याकडे, पाणी ताईकडे. (पाणी कशाला, असं बाहेरचे लोक विचारतात. हवा कोरडी झाली की अंड्यातली ओल उडून जाते आणि पिल्लू आतल्या आत कवचाला चिकटून बसतं. हे मला ताईने शिकवलं, हे इथे नमूद करून ठेवतो.) अकरा वर्षं आमचं असंच चाललं होतं. मी काटा बघायचा, तिने खालच्या पसरट ट्रेमध्ये पाणी ओतायचं, दोघांनी वहीत आपापला आकडा लिहायचा, आणि शंभर अंड्यांमागे चौऱ्याऐंशी पिल्लं मोजून घरी जायचं. मग गेल्या दोन महिन्यांत त्या चौऱ्याऐंशीची एकोणसत्तर झाली. मालकीणबाईंनी आम्हाला दोघांना समोर उभं करून विचारलं, उष्णता चुकते आहे की पाणी? छडा लावा, म्हणाल्या, दोघांपैकी एकाची जागा बदलावी लागेल. अशा वेळी शहाण्या माणसाने काय करावं? गप्प बसावं. मी तुला फोन केला.

तू बिचारीने सरळ मनाने मदत केलीस, तुला दोष नाही. चौसष्ट खेपांच्या नोंदी पाठवा म्हणालीस, पाठवल्या. मग म्हणालीस, तापमान आणि दमटपणा असे दोन रकाने पुरणार नाहीत, दोघांचा गुणाकार करून तिसराही रकाना हवा, कारण एकाचा परिणाम किती हे दुसरा किती आहे त्यावर ठरत असेल. मी हो म्हटलं. (फोनवर मी नेहमी हो म्हणतो. समोरच्याला बरं वाटतं आणि फोन लवकर संपतो.) आमच्या कारकुनाने तो रकाना भरायला घेतला आणि पहिल्याच ओळीला अडला. सदतीस पूर्णांक सहा अंश गुणिले पंचावन्न टक्के, झाले दोन हजार अडुसष्ट. दोन हजार अडुसष्ट काय? अंश म्हणावेत तर एवढ्या उष्णतेला मशीनही उरणार नाही, टक्के म्हणावेत तर शंभराच्या वर गेलेत. कारकून मला विचारतो, मी कारकुनाला विचारतो. शेवटी त्याने रकान्याच्या डोक्यावर नुसतं "दोन्ही" असं लिहिलं आणि आम्ही एकमेकांची नजर चुकवत चौसष्ट गुणाकार संपवले.

चार दिवसांनी तुझा कागद आला. त्यात तीन ओळी. सगळ्यात वर तापमानाची, तिच्याकडे मी नंतर येतो. दुसरी दमटपणाची, तिच्यासमोर उणे त्र्याण्णव पूर्णांक दोन. तिसरी त्या दोन्हींच्या गुणाकाराची, तिच्यासमोर अडीच. खाली तू लाल अक्षरात लिहिलं होतंस की गुणाकाराची ओळ आहे तोवर वरच्या दोन ओळी सुट्या वाचू नका, मी फोन करेपर्यंत थांबा. आता खरं सांगतो, औषधाच्या बाटलीवरही लाल अक्षरात पुष्कळ काही लिहिलेलं असतं, ते कोण वाचतं? मला उणे त्र्याण्णव दिसले आणि पुढचं काही दिसलं नाही. म्हणजे ताईने दमटपणा एक टक्क्याने वाढवला की शंभरामागे त्र्याण्णव पिल्लं गेली! तोच कागद मी सूचनाफलकावर लावला. (फलक लहान आहे, त्यामुळे कागद थोडा कापावा लागला.) मालकीणबाईंनी वाचला, कपाळाला हात लावला आणि ताईची जागा खोकी भरायच्या खोलीत गेली.

माझ्या हिशेबात काहीतरी चुकतं आहे, हे खरं तर मला त्याच क्षणी कळायला हवं होतं. एक टक्का वाढवल्यावर त्र्याण्णव पिल्लं जातात, तर दोन टक्के वाढवल्यावर एकशे शहाऐंशी जायला हवीत, आणि अंडी तर शंभरच. वरची शहाऐंशी काय शेजारच्या मशीनमधून आणून मारायची? आणि ताईने तर अकरा वर्षांत कधी पाच टक्के वाढवले, कधी सात. कारकुनाच्या हे लक्षात आलं होतं, असं तो आता सांगतो. तेव्हा तो मूग गिळून बसला. मीही बसलो. कारण मनातून मला हायसं वाटलं होतं, ते तुझ्यापासून काय लपवायचं.

ताई भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, भांडणात मी निदान बरोबरीत सुटतो. तिने पाण्याचं भांडं पुसलं, पालथं घातलं आणि मला एवढंच म्हणाली, "माझ्या पाण्यानं मरत असतील, तर बिनपाण्याची काढून दाखव." खोकी भरायला ती गेलीच नाही. घरी गेली, पिशवी भरली आणि तुझ्या गावच्या गाडीत बसली. पुढचं तुला माहीत आहे.

आणि मी दाखवायला निघालो! पाणी जवळजवळ बंदच केलं, दमटपणा चाळीसवर आणला. उष्णता अडतीसवर नेली, कारण पाणी गुन्हेगार ठरलं म्हणजे उष्णता निर्दोष, आणि निर्दोष गोष्ट थोडी जास्त असलेली बरी, असा माझा विचार. (याला विचार म्हणतात का, ते तू ठरव.) एकवीस दिवस मी छाती काढून हिंडलो. एकविसाव्या दिवशी ट्रे बाहेर ओढले. शंभरामागे बासष्ट. जी निघाली तीही कोरडी, दमलेली, पंख अंगाला चिकटलेली. त्यातलं एक कवचाला भोक पाडून चोच बाहेर काढून तसंच राहिलं होतं. मास्तरीणबाई, मी तीस वर्षं हे काम करतो आहे, पण त्या ट्रेसमोर मला उभं राहवेना. ताई असती तर तिने ओल्या बोटाने कवच सोडवलं असतं. मला ते जमत नाही, माझी बोटं जाड आहेत.

त्या दिवशी तू कॉलेजातून फोन केलास, अकरा मिनिटं बोललीस, आणि मी अकरा मिनिटं हो म्हणालो. त्यातलं मला जे उमगलं ते असं. तो उणे त्र्याण्णवचा आकडा खोटा नाही, पण तो तापमान शून्य असतानाचा आहे. शून्य! गुणाकार घेतला की सुट्या ओळीचा अर्थ "दुसरी गोष्ट शून्य असताना" एवढाच उरतो, असं तू म्हणालीस. म्हणजे मी माझ्या सख्ख्या बहिणीला शून्य अंशावरच्या पाण्याबद्दल शिक्षा दिली. शून्य अंशावर तिचं पाणी ट्रेमध्ये गोठलं असतं आणि अंडी टणक दगड झाली असती, त्यात तिचा काय दोष? आणि शून्य अंशावर अंडी उबवायला घेणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. मी हे तुझ्या मामीला समजावून सांगायला गेलो. रविवारची सकाळ होती, ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मी पाऊण तास सांगितलं. तिने चार घड्या घातल्या आणि म्हणाली, "म्हणजे तुमच्या बोलण्याचा मला तासाला किती त्रास होतो, ते माझी झोप किती तास झाली त्यावर आहे. आणि तुमच्या त्या कागदावर लिहिलाय तो त्रास मी अजिबात झोपले नसतानाचा." जे मला अकरा मिनिटांत आणि नंतर दोन-तीन दिवसांत कळलं नाही ते तिला एका चादरीत कळलं. तेव्हापासून ती मजेत आहे. मी तोंड उघडलं की आधी सांगते, आज सहाच तास झोप झाली आहे, बेताने बोला.

त्यावरचा उपाय तू सांगितलास तो मी तंतोतंत केला, आणि तिथेच घोळ झाला. प्रत्येक तापमानातून नेहमीचं सदतीस पूर्णांक सहा वजा करा, प्रत्येक दमटपणातून पंचावन्न वजा करा, म्हणजे मग शून्य याचा अर्थ "नेहमीसारखं" असा होईल, असं तू म्हणालीस. मला हे इतकं पटलं की मी वहीतल्या चौसष्टच्या चौसष्ट नोंदी वजा केल्या, आणि थांबता न आल्याने भिंतीवरच्या फळ्यावर त्या दिवसाची नोंदही तशीच लिहिली. मशीन मी पुन्हा सदतीस पूर्णांक सहावर आणलं होतं, पाणी अजून चाळीसवरच होतं. त्यामुळे फळ्यावर आलं: तापमान शून्य, दमटपणा उणे पंधरा. मालकीणबाई आत आल्या, फळा वाचला आणि तशाच ओरडत बाहेर गेल्या. मग एकदम धावपळ. वीजवाल्याला बोलावणं गेलं, कारकून पहारेकऱ्याच्या खोलीतून दोन घोंगड्या घेऊन आला, आणि मी "अहो, शून्य म्हणजे बरोबर आहे" असं समजावत होतो तोवर मशीनला घोंगड्या गुंडाळून झाल्या होत्या. वीजवाल्याने काच पुसून काटा बघितला, मग माझ्याकडे बघितलं. उणे पंधरा दमटपणा म्हणजे हवा किती कोरडी, असं मालकीणबाईंनी मला विचारलं. फळ्यावर आता आकडे कारकून लिहितो.

पण कारकुनाने वजा केलेले रकाने पुन्हा संगणकात घातले आणि जो नवा कागद निघाला तो मी उलटसुलट करून दोनदा बघितला. दमटपणासमोर आता उणे त्र्याण्णव नव्हते. अधिक शून्य पूर्णांक आठ होते. अंडी तीच, पिल्लं तीच, वही तीच, कुणी कुणाचं काही घेतलं नाही की दिलं नाही, नुसती एक वजाबाकी केली आणि बाई निर्दोष! निर्दोषच नव्हे, नेहमीच्या तापमानाला तिचा एक टक्का पाणी जवळजवळ एक पिल्लू वाचवतो आहे. गुणाकाराची ओळ मात्र जागची हलली नाही, अडीच ती अडीच. मग तू सांगितल्याप्रमाणे तीन तापमानांच्या तीन रेघा काढल्या. अडतीस अंशांना पाणी वाढवत गेलं की रेघ ताठ वर जाते. सदतीस पूर्णांक सहाला हळूहळू वर जाते. आणि बरोबर सदतीसला ती खाली येते. तेच भांडं, तेच पाणी, ओतणारा हातही तोच. एका तापमानाला ते पिल्लं वाचवतं आणि दुसऱ्याला मारतं. तिन्ही रेघा एका ठिकाणी एकमेकींना छेदतात, तेव्हा माझी पट्टी सरकली असेल म्हणून मी त्या तीनदा काढल्या. तीनदा छेदल्या.

मग दोष कुणाचा? हे मी तुला दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा तू म्हणालीस की उष्णतेचा की पाण्याचा हा प्रश्नच असा विचारता येत नाही, किती पाण्याला किती उष्णता होती ते विचारा. तुला कॉलेजात असं उत्तर चालत असेल. मालकीणबाईंना चालत नाही. त्यांनी सांगून टाकलं आहे की पहिल्या तारखेला ताईच्या जागी नवा माणूस येईल, आणि पहिली तारीख येत्या शुक्रवारी आहे. बुधवारी नवी अंडी लावायची आहेत. ताई अकरा वर्षांत एकही बुधवार चुकली नव्हती. हा चौथा असेल. म्हणून तुला विचारतो, एखाद्याने फक्त आपल्याला हवी ती ओळ सुटी वाचली, तर तुमच्या शास्त्रात त्याला काय म्हणतात? आणि त्याला काही उतार असतो का? सवडीने कळव. मामीचा आशीर्वाद. (सात तास झोप.)

तुझा गोंधळलेला,
मामा

ता.क. वर मी फलक लहान आहे असं लिहिलं. फलक दाराएवढा आहे. कागदाची वरची ओळ तापमानाची होती आणि तिच्यासमोर उणे एकशे वीस होते. म्हणजे सुट्या ओळीच वाचायच्या तर माझा गुन्हा ताईच्या गुन्ह्याहून मोठा होता. ती ओळ मी कात्रीने कापली, तुझी लाल अक्षरंही कापली. दोन्ही तुकडे माझ्या पाकिटात होते.

ता.क. २. आणखी एक राहिलं. दोन महिन्यांपूर्वी मशीन तपासायला मेकॅनिक आला होता, तो जाता जाता म्हणाला, सदतीस पुरे. मी सदतीस पूर्णांक सहावरून सदतीसवर उतरवलं आणि ताईला सांगितलं नाही, कारण तिने "का?" विचारलं असतं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती बिचारी जुन्याच हिशेबाने अठ्ठावन्न टक्क्यांपर्यंत पाणी ओतत राहिली. नव्या कागदावर माझ्या उष्णतेचा आकडा पंचावन्न टक्क्यांना साडेसतरा आहे. वरच्या तीन टक्क्यांचे अडीच गुणिले तीन, साडेसात. झाले अंशाला पंचवीस. मी उतरवले सहा दशांश. पंचवीस गुणिले सहा दशांश, पंधरा. चौऱ्याऐंशीतून पंधरा गेले की एकोणसत्तर. हे गणित मी एकट्याने केलं आणि ते पहिल्या फटक्यात बरोबर आलं, याचं मला फार वाईट वाटलं.

ता.क. ३. ताई, पाकीट तूच फोडणार हे मला माहीत होतं. माझ्या शाळेच्या निकालाचं पाकीटही तूच फोडलं होतंस आणि बाबांना दाखवायच्या आधी मला एकट्याला बाजूला घेऊन सांगितलं होतंस. मी तुला फलकावर टांगलं. चुकलो. कापलेले दोन्ही तुकडे आज सकाळी चिकटवून पूर्ण कागद पुन्हा लावला आहे आणि ता.क. २ मधलं गणित मालकीणबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, एकाची जागा तर बदलायचीच आहे. मी म्हटलं, माझी बदला. तेव्हा शुक्रवारी नवा माणूस येत नाही. बुधवारपासून उष्णतेचा काटा तुझ्याकडे, भांडं माझ्याकडे. ते मी सुलटं करून ठेवलं आहे, पण अजून भरलेलं नाही. किती भरू ते मला ठरवता येत नाही ताई, तू काटा कुठे ठेवतेस त्यावर ते आहे.